वही कोणाच्या हाती?



आजच्या विषयाचे नाव ऐकून तुमच्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. 'ब्लॉकचेन' हा शब्द आपल्याकडे आला तो बिटकॉइनच्या सट्ट्याचे बोट धरून. तेव्हा ह्या शब्दाचा मातीशी, विहिरीशी, बांधावरच्या झाडाशी काय संबंध, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु जमीन आणि पाणी राखणाऱ्या माणसाला त्याबद्दल काही मोबदला मिळावा, आणि त्याचा हिशेब ह्या नव्या प्रकारच्या वहीत ठेवावा, असे प्रयत्न गेल्या काही वर्षांत जगात बरेच झाले आहेत. काही चालले, काही बुडाले. ते आपल्या उपयोगाचे आहेत काय, हे पाहण्यासाठी प्रथम आपल्याच तालुक्यातून निघू.

मांजरा नदीवरील धनेगावचे धरण आपल्या केज तालुक्यात आहे. लातूर शहर, केज, आंबेजोगाई, कळंब ह्या सर्वांची तहान त्याच्यावर अवलंबून. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले आणि लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातुरास पोहोचली; तिच्या १० डब्यांत ५ लाख लिटर पाणी होते. ह्या गोष्टीची बातमी साऱ्या देशाने वाचली. पण एक गोष्ट बातमीत नव्हती. हे धरण ज्या पाण्यावर भरते ते पाटोदा तालुक्यातील बालाघाटच्या माथ्यापासून ओढ्याओढ्याने गोळा होत येते. त्या उतारावर ज्याने बांधबंदिस्ती केली, कुरण राखले, उतारास आडवी नांगरट केली, त्याच्यामुळे धरणात गाळ कमी येतो आणि धरणाचे आयुष्य वाढते. ह्याचा लाभ लातूरच्या नळाला होतो. उतारावरच्या त्या माणसाला त्याबद्दल कोणी एक पैसा देत नाही.

सारी अडचण ह्या एका वाक्यात आहे. उसाला कारखाना आहे, वजनकाटा आहे, ठरलेला दर आहे. न उपसलेल्या पाण्याला मात्र दर नाही. पाचट जाळले तर रान लवकर मोकळे होते. न जाळता कुजवले तर माती सुधारते, पण ती सुधारणा बाजारात मांडता येत नाही. मग शेतकरी उसाकडे वळला, बोअर खोल खोल नेऊ लागला, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

मोबदल्याची कल्पना नवी नाही

राखणीला मोबदला द्यावा ही कल्पना कोणा संगणकतज्ज्ञाच्या डोक्यातून निघालेली नाही. न्यूयॉर्क शहराला पाणी येते ते कॅट्सकिलच्या डोंगराळ भागातून. हे पाणी गाळण्यासाठी अब्जावधी डॉलरांचा कारखाना उभारण्याची पाळी शहरावर आली होती. तेव्हा शहराने हिशेब केला आणि १९९७ साली डोंगरातील गावांशी करार केला: तुम्ही जमीन व ओढे स्वच्छ राखा, त्याचा खर्च आम्ही सोसू. खालच्याने वरच्यास पैसे द्यावे, हा तो व्यवहार. लातूर आणि बालाघाट ह्यांच्यामध्ये असा करार का होऊ नये, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवून पुढे जातो.

आपल्याकडेही दाखले आहेत. पानी फाउंडेशनने २०१६ साली वॉटर कप स्पर्धा सुरू केली, ती पहिल्या वर्षी तीनच तालुक्यांत: वरुड, कोरेगाव आणि आपल्या शेजारचे आंबेजोगाई. त्या वर्षी ५० लाखांचे पहिले बक्षीस कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाला मिळाले. ४५ दिवसांत गावकऱ्यांनी श्रमदानाने जे खोदले त्याचे मोजमाप होऊन गुण दिले जात. ही स्पर्धा २०१९ पर्यंत चालली, आणि गाव एकत्र आले की काय होते हे तिने पुष्कळ ठिकाणी दाखविले. परंतु बक्षीस एका गावाला आणि एकदा मिळते. चर खणणे हे ४५ दिवसांचे काम असू शकते. साठलेले पाणी न उधळणे हे दरवर्षीचे आणि दररोजचे व्रत आहे. त्याला बक्षीस कसे द्यावे?

ह्याचे उत्तर नगर भागातील हिवरे बाजारने आपल्या परीने दिले. तेथे शेतीसाठी बोअर घेण्यास आणि ऊस-केळीसारख्या पिकांस गावाने बंदी केली, आणि दरवर्षी पाऊस व विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत घातली. जेवढा पाऊस तेवढे पीक. हा हिशेब गावापुढे उघडा असतो. त्यासाठी तेथे ब्लॉकचेन लागली नाही. एकमेकांवर नजर आणि एकमेकांवर विश्वास, एवढ्यावर ते चालले. हे ध्यानात ठेवावे. ज्या गावात असा विश्वास आहे तेथे साधी वही पुरते. प्रश्न येतो तो पैसे देणारा दूर असतो तेव्हा. लातूरचा नगरसेवक, मुंबईची कंपनी किंवा परदेशातील कर्बपत्रांचा गिऱ्हाईक आपल्या चावडीवर येऊन फळा वाचणार नाही. त्याला दुरून विश्वास वाटेल अशी वही हवी. ब्लॉकचेनचे काम येथे सुरू होते.

ही वही म्हणजे काय?

जुन्या रोजमेळाची पद्धत तुमच्यापैकी व्यापारी मंडळींना माहीत आहे. पान संपले की बेरीज करावयाची आणि 'मागील पानावरून' असे लिहून ती पुढल्या पानाच्या माथ्यावर न्यावयाची. आता कोणी दहाव्या पानावरचा आकडा गुपचूप बदलला, तर अकराव्या पानाच्या माथ्यावरची रक्कम जुळत नाही. ती बदलावी तर बारावे बिघडते. ब्लॉकचेन ही ह्याच युक्तीची पुढली पायरी आहे. नोंदींच्या प्रत्येक पानावरून गणिताच्या एका रीतीने एक ठसा काढतात. अंगठ्याचा ठसा माणसाचा तसा हा मजकुराचा. मजकूर एका ओळीचा असो की हजार पानांचा, ठसा ठराविक लांबीचाच निघतो. आणि मजकुरात एक काना जरी बदलला तरी ठसा पार निराळा होतो. हा ठसा पुढल्या पानाच्या माथ्यावर लिहितात. असे पानाला पान साखळीसारखे जोडले जाते.

ह्या कल्पनेचा उगम मोठा गमतीदार आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा ह्या दोन संशोधकांनी १९९१ साली तिचे मूळ तत्त्व मांडले. कागदपत्र अमुक तारखेला होते हे पुढे कोणाला नाकारता येऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांच्या मंडळींनी १९९५ पासून सर्व नोंदींचा मिळून एक ठसा दर आठवड्यास न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत, हरवले-सापडले ह्या सदराच्या शेजारी, छापण्याचा क्रम ठेवला. एकदा तो लाखो घरांत गेला की खाडाखोड कोण करणार? वही खोटी करायची तर देशातील सगळी रद्दी गोळा करून पुन्हा छापावी लागेल.

सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावाने २००८ साली जी योजना प्रसिद्ध झाली, तिने ही साखळी वृत्तपत्राऐवजी हजारो संगणकांवर ठेवली. प्रत्येकाजवळ वहीची पूर्ण प्रत. नवे पान कोणी लिहावे हे ठरविण्यासाठी संगणकांना गणिती कोडे सोडवावे लागते. ह्यात वीज भयंकर जळते, आणि पर्यावरण राखण्याच्या वहीनेच पर्यावरण जाळावे हा विनोद झाला असता. पण प्रत्येक ब्लॉकचेनला तशी वीज लागते असे नाही. इथीरियम ह्या दुसऱ्या मोठ्या साखळीने सप्टेंबर २०२२ मध्ये कोड्याची रीत सोडून तारण ठेवण्याची रीत घेतली आणि तिचा विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून अधिक घटला. आणि जेथे प्रती ठेवणाऱ्या संस्था मोजक्या व ओळखीच्या आहेत, तेथे कोडेही नको आणि तारणही नको. बहुसंख्यांनी सही केली की पान पक्के.

महाराष्ट्रात ह्या वहीचा वापर सुरू झालेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ साली जातीच्या हजारो दाखल्यांचे ठसे अशा साखळीवर ठेवण्याचे काम झाले. राज्य वखार महामंडळाच्या गोदामात ठेवलेल्या धान्याच्या पावत्याही अशा वहीवर आल्या, म्हणजे सोयाबीन ठेवून त्याच पावतीवर बँकेचे कर्ज लवकर मिळावे आणि एका पावतीवर दोन ठिकाणी कर्ज उचलता येऊ नये.

ह्या वहीला आणखी एक जोड आहे: आपोआप अमलात येणारा करार. अमुक झाले तर तमुक रक्कम द्यावी, अशी अट वहीतच लिहून ठेवायची. अट पुरी झाली की पैसे निघतात, साहेबाच्या सहीसाठी थांबत नाहीत. केनियात एकर आफ्रिका आणि एथरिस्क ह्या संस्थांनी अशा रीतीचा पीकविमा चालविला. ठरलेल्या मापापेक्षा पाऊस कमी झाला की लहान शेतकऱ्याच्या मोबाइलवर रक्कम जमा. दावा करावयास नको की पंचनामा नको. ज्याने तहसिलीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्याला ह्याची गोडी वेगळी सांगावयास नको.

वही खरी, पण नोंद?

येथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की रोग हाती लागला आणि औषधही. थोडे थांबावे. ही वही एकच गोष्ट करते: लिहिलेले नंतर गुपचूप बदलू देत नाही. पहिल्याने लिहिले ते खरे होते की खोटे, ह्याविषयी ती मुकी आहे. खोटे लिहिले तर ती ते खोटे मोठ्या निष्ठेने सांभाळील.

आपल्या जिल्ह्याला हे शिकविण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीची कामे आपण पाहिली. पाझर तलाव झाले, रस्ते झाले, आणि हजेरीपटावर कामास न आलेली नावेही लागली. पटाची शाई पक्की होती. खोटे होते ते नाव. तसेच पीकविम्याचे झाले. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीकविमा दिला. शेतकऱ्याने १ रुपया भरावा, त्याच्या वाट्याचा बाकीचा हप्ता शासन भरील, अशी ती योजना. मग सरकारी जमिनीवर, गायरानावर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर परस्पर विमे उतरविल्याची प्रकरणे निघाली. बीडचे नाव त्यांत ठळकपणे आले. लाखो अर्ज रद्द करावे लागले, आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. ज्यांनी फसविले ते थोडे. सवलत गेली ती सगळ्यांची. हे अर्ज ब्लॉकचेनवर भरले असते तर काय झाले असते? खोट्या अर्जांची अत्यंत सुरक्षित अशी यादी तयार झाली असती.

म्हणून मोजणी हे ह्या विषयाचे मर्म आहे. ई-पीक पाहणीने ऑगस्ट २०२१ पासून एक पाऊल टाकले. शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचे छायाचित्र पाठवितो आणि जागेचे अक्षांश-रेखांश त्याबरोबर जातात. महावेध प्रकल्पाने महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी केली. ही साधने चांगली आहेत, पण मंडळात पुष्कळ गावे असतात, आणि रस्त्याच्या एका अंगाला पाऊस व दुसऱ्या अंगाला धूळ हा मराठवाड्याचा नेहमीचा अनुभव आहे. अशा वेळी पावसाच्या मापावर आपोआप चालणारा करार एका गावाला फुकट देईल आणि शेजारच्याला उपाशी ठेवील. आणि तेथे गाऱ्हाणे ऐकायला साहेबसुद्धा नसेल.

बाहेरचे अनुभव

जगात ज्यांनी हे करून पाहिले त्यांच्या तीन गोष्टी थोडक्यात सांगतो.

पहिली ऑस्ट्रेलियाची. न्यू साउथ वेल्समधील विलमॉट नावाच्या मोठ्या कुरणाने गुरे आळीपाळीने चारून मातीत कर्ब साठविला. त्याची पत्रे रीजेन नेटवर्क ह्या ब्लॉकचेन चालविणाऱ्या मंडळींमार्फत मायक्रोसॉफ्टने २०२१ साली घेतली. मोठा गाजावाजा झाला. पुढे मृदाशास्त्रज्ञांनी विचारले, इतक्या थोड्या वर्षांत मातीतला कर्ब एवढा वाढतो काय? आणि वाढला तो चारण्याच्या पद्धतीने की पाऊस बरा झाल्याने? वहीवर कोणाचा आक्षेप नव्हता. आक्षेप मोजण्यावर होता.

दुसरी क्लायमाडाओची. तिने २०२१ साली कर्बपत्रांवर आधारलेले एक नाणे काढले. त्याचा भाव त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ३००० डॉलरांच्या वर गेला आणि पुढल्या वर्षी काही थोड्या डॉलरांवर आला. त्या नाण्यामागे जी पत्रे होती त्यांत कित्येक वर्षे कोणी विकत न घेतलेला जुना माल पुष्कळ होता. पत्रे देणाऱ्या व्हेरा संस्थेने मे २०२२ मध्ये, वापरून संपलेल्या पत्रांची नाणी करण्यास मनाई केली. माती राखण्यासाठी काढलेले नाणे सट्टेबाजांच्या हाती गेले, आणि मातीला त्यातून काही मिळाले नाही.

तिसरी अमेरिकेतील नोरी ह्या बाजाराची. २०१७ साली निघालेल्या ह्या मंडळींनी शेतकऱ्यांच्या मातीतील कर्ब थेट विकून दिला. त्यांचा हेतू चांगला होता आणि काही शेतकऱ्यांना पैसेही मिळाले. पण गिऱ्हाईक पुरेसे आले नाही आणि २०२४ साली ते दुकान बंद झाले. शेतकरी झाड लावतो तेव्हा पंधरा-वीस वर्षांचा विचार करतो. त्याच्याशी करार करणारा सात वर्षांत उठून गेला तर झाडाचे काय करावे?

आपल्या देशातही केंद्र सरकारने २०२३ साली कर्बपत्रांच्या व्यापाराची योजना आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हरित पत कार्यक्रमाचे नियम जाहीर केले आहेत. तेव्हा ह्या बाजाराचे दलाल आज ना उद्या आपल्या बांधावर येणार. त्याआधी एक हिशेब करून ठेवू.

एका एकराचा हिशेब

एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. वरच्या ३० सेंटिमीटर मातीचे वजन, घनता १.३ धरली तर, सुमारे १५८० टन भरते. शेणखत, पाचट, हिरवळीचे खत घालून आपण सेंद्रिय कर्ब एक दशांश टक्क्याने वाढविला, म्हणजे अर्ध्यावरून ०.६ वर नेला, तर मातीत सुमारे १.५८ टन कर्ब वाढला. एक टन कर्ब म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. तेव्हा हे झाले सुमारे ५.८ टन. टनाला १००० रुपये दर मिळाला असे धरू. एकरी ५८०० रुपये. पण हा कर्ब एका वर्षात वाढत नाही. पाच वर्षे धरली तर वर्षाला एकरी ११६० रुपये. त्यातून मातीची तपासणी, नोंदणी, दलाली वजा जाणार.

शिवाय ह्यात एक खोच आहे. एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांतील मातीत एक दशांश टक्क्याचा फरक सहज निघतो. ज्या वाढीसाठी पैसे द्यावयाचे ती मोजण्यातील चुकीएवढीच लहान आहे. म्हणजे खात्रीचे मोजमाप करावे तर खर्च मोबदल्यावर जाईल आणि न करावे तर सौदा खोटा पडेल. लाखो एकरांचे कुरण हा खर्च सोसते. आपले तीन एकरांचे खाते सोसणार नाही. माती सुधारली म्हणून पीक सुधारते, पावसाचा खंड सोसते, हा खरा लाभ आहे आणि तो शेतकऱ्याचाच आहे. तो सोडून केवळ कर्बपत्राच्या आशेने कोणी सही करू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मग आपली वही कशी असावी?

माझ्या मते मोजावयाचे ते असे असावे की शाळेतील पोराला मोजता यावे आणि शेजाऱ्याला पडताळता यावे. विहिरीतील पाण्याची खोली दोरीने मोजता येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून ठराविक वेळी मोजत असतेच. लावलेले झाड तिसऱ्या उन्हाळ्यात जिवंत आहे की नाही, पाचट जाळले की नाही, बांध फुटला होता तो दुरुस्त झाला की नाही, ह्यांना प्रयोगशाळा लागत नाही.

एकक म्हणून एक शेत घेऊ नये. एक ओढा घ्यावा. पाणी सातबारा पाहून मुरत नाही. एकाने मुरविले आणि शेजाऱ्याने उपसले तर दोघांचे मिळूनच माप घ्यावे लागते. आणि शेजारच्या ओढ्याच्या विहिरींशी तुलना केली म्हणजे पावसाचे श्रेय पावसाला आणि माणसाचे माणसाला देता येते.

मोजणारे दोघे असावे, एक गावचा आणि एक परगावचा. आकडे प्रथम चावडीच्या फळ्यावर लिहावे, ग्रामसभेत वाचावे, आणि हरकतीस पंधरा दिवस द्यावे. मगच ते वहीत जावे. कारण ह्या वहीत खोडता येत नाही. चूक झालीच तर जुन्या मुनिमासारखी उलट नोंद करावी, म्हणजे चूकही दिसेल आणि दुरुस्तीही. वहीच्या प्रती ग्रामपंचायत, शाळा, बँक, कृषी विज्ञान केंद्र आणि पैसे देणारी संस्था ह्यांच्याकडे असाव्या. कोणाचे नाव, खाते क्रमांक उघड्यावर ठेवू नये. वहीत त्यांचा ठसा असला की पुरे. नाणे काढू नये. मोबदला रुपयांत आणि बँकेच्या खात्यात मिळावा. अर्धा काम झाल्याबरोबर आणि अर्धा फळ दिसल्यावर. सगळा फळावर ठेवला तर गरीब माणूस तोपर्यंत थांबू शकत नाही, आणि सगळा कामावर दिला तर राखण कोणी करीत नाही. करार मराठीत असावा, आणि देणारा उठून गेला तर काय, हे त्याच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे.

आणि पैसा कोठून यावा? प्रथम त्या पाण्याचा लाभ घेणाऱ्यांकडून: शहरे, कारखाने आणि शासन. परदेशी कर्बपत्राचे पैसे आले तर ते वरकड समजावे, पायात घालू नयेत.

शेवटचा प्रश्न

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगून संपवितो.

दिवाळी होत आली की आपल्या तालुक्यातील गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि हंगामभर किती ऊस तुटला, किती उचल फिटली, ह्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. ती वही कोयत्याने कधी वाचलेली नसते. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, हे त्याला फक्त सांगितले जाते. ज्याच्या हाती वही त्याच्या हाती माणूस, हे केजच्या लोकांना संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

राखणीच्या मोबदल्याची योजना उद्या आली, आणि तिने सातबारा मागितला, तर भूमिहीन तिच्या बाहेर राहील. जानेवारीत बांधावर उभे राहून छायाचित्र पाठवा असे म्हटले, तर तोडणीवर गेलेला अल्पभूधारक बाहेर राहील. सातबारा नवऱ्याच्या नावे म्हणून, ज्या बाईने पाचट पसरले, रोपाला घागरीने पाणी घातले, ती बाहेर राहील. आणि घरी राहणाऱ्या मोठ्या बागायतदाराला मोबदला मिळेल, तोही अत्यंत बिनचूक नोंदीसह. ब्लॉकचेन हा अन्याय दाखविणार नाही, कारण जो वहीत आलाच नाही त्याचा ठसा निघत नाही.

हीच योजना उलट बाजूनेही मांडता येते. चराची, कुरणाची, रोपांची राखण हे गावातच चार-सहा महिने पुरणारे मजुरीचे काम ठरवावे, ते प्रथम तोडणीला जाणाऱ्या जोडप्यांना द्यावे, बाईची मजुरी बाईच्या खात्यात जावी, आणि वही अशी असावी की तिची नोंद तिला तिच्या भाषेत मोबाइलवर ऐकता यावी. मग शंभरातली दहा जोडपी जरी त्या वर्षी गावात राहिली, त्यांची पोरे शाळेत राहिली, तरी ह्या खटाटोपाचे चीज झाले असे मी म्हणेन. विहिरीची पातळी हातभर वाढली तर ते त्याच कष्टाचे फळ.

तेव्हा श्रोतेहो, उद्या कोणी तुमच्या गावात ही नवी वही घेऊन आला, तर ती कोणत्या यंत्रावर चालते हे विचारण्यात वेळ घालवू नका. त्याला तीन गोष्टी विचारा. ह्यात पहिली नोंद कोण करणार? ती चुकली तर हरकत कोठे घ्यावयाची? आणि आमच्यापैकी कोण ह्या वहीच्या बाहेर राहणार आहे? ह्या तिन्हींची उत्तरे ग्रामसभेत उभे राहून जो देईल, त्याच्याशी बसून बोलण्यास हरकत नाही.